एक नंबरचा प्रेस आणि विठाचा फोटो

मुकेशशेठचा फोन आला तेव्हा हिरामण गेटवरच्या केबिनमध्ये दाढी करत होता. एका गालाला साबण, दुसऱ्या गालाला फोन. शेठ म्हणाले, उद्या एक मुलगी येईल, आपल्या शेडचे फोटो काढायला, तिला आत सोड. बस्स, एवढंच. पण हिरामणने ते बायकोला सांगितलं आणि तिथेच घात झाला.

"फोटो? आपल्या कंपनीचा?" विठा तव्यावरची भाकरी विसरली.

अंबरनाथच्या एमआयडीसीतली ही बटणांची कंपनी. एके काळी उल्हासनगरात शिवलेल्या शर्टांना इथलीच बटणं लागायची. बंद पडून बरीच वर्षं झाली. कामगार पांगले, यंत्रं भंगारात गेली. बटणं दाबून काढणारा एक नंबरचा प्रेस तेवढा राहिला, कारण तो उचलायला क्रेनच आत शिरेना. हिरामण वॉचमन म्हणून राहिला, आणि बटणं निवडायच्या खात्यातली त्याची बायको विठा त्याच्यासोबत केबिनमागच्या खोलीत राहिली. आता जागा बिल्डरने घेतली होती. दिवाळीनंतर शेड पाडायची आणि ही दोघं बदलापूरला लेकाकडे जायची, असं ठरलं होतं.

जाण्याचं विठाला तसं काही वाटत नव्हतं. तिचं दुखणं वेगळंच होतं. दर दसऱ्याला कंपनीत यंत्रांची पूजा व्हायची, प्रेसला झेंडूचा हार चढायचा आणि त्याच्यापुढे सगळ्यांचा फोटो निघायचा. प्रसादाचा शिरा मात्र विठाकडे. कधीतरी मोठे शेठ म्हणून गेले, "विठाच्या हाताला चव आहे," आणि त्या कौतुकानेच तिचा घात केला. शिरा उतरवून, पदराला हात पुसत ती धावत बाहेर यायची, तोवर फोटोवाला स्टँड मिटत असायचा. ते सगळे फोटो केबिनच्या भिंतीवर आहेत. जेमतेम दोन महिने टिकलेला धोंडिबासुद्धा त्यात छाती काढून उभा आहे. विठा एकातही नाही. एका फोटोच्या कडेला काहीतरी फडफडलेलं दिसतं. विठा म्हणते, तो माझा पदर. हिरामण म्हणतो, पडदा आहे. या एका विषयावर त्या घरात जितकी भांडणं झाली तितकी लेकाच्या लग्नातही झाली नाहीत.

"यंदा शिरा-बिरा काही नाही," विठाने जाहीर केलं. "यंदा मी फोटोत!"

आणि तिने पदर खोचला. फोटोवाली येणार आणि घर असं? उद्या लोक काय म्हणतील? बांबूला झाडू बांधून तिने शेडभर जाळी काढली. पारव्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली घाण खरवडली. इतक्या वर्षांची धूळ टोपल्या भरभरून मागच्या अंगणात नेली. प्रेस पुसला, त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला, पुढ्यात ही मोठी रांगोळी काढली. हिरामणच्या कमरेचा काटा ढिला झाला. "अगं, पाडायची आहे ती शेड!" तो कण्हला. "मग काय पारोशी पाठवायची?" विठा म्हणाली. सकाळी तिने सुनेच्या ओटीभरणातलं पोपटी लुगडं नेसलं, वेणीत गजरा घातला आणि ती दारात उभी राहिली.

करिष्मा आली ती बदलापूरहून, स्कूटरवर, पाठीला भलीथोरली बॅग. बंद पडलेल्या कारखान्यांचे फोटो काढत फिरणारी पोर. महिन्यापूर्वी तिने गेटबाहेरून, उघड्या दारातून ही शेड पाहिली होती. फुटक्या पत्र्यातून भर दुपारी उन्हाचा एक पट्टा आत उतरतो, धुळीत तरंगतो, जाळ्यांवर चमकतो. त्या एका पट्ट्यासाठी तिने शेठकडे किती खेटे घातले होते. ती आनंदाने आत गेली आणि पायरीवर मटकन बसलीच.

"मावशी, हे काय केलंत!"

"झाडलं," विठा अभिमानाने म्हणाली.

"अहो, मला ओसाड पाहिजे होतं! धूळ, जाळी... वही तो फोटो है!"

विठाला काही कळेना. चांगल्या घरची पोर दिसते आणि कचऱ्याचे फोटो काढते? पण पोरीचा चेहरा रडवेला झालेला बघून तिलाच कसंतरी झालं. "मग आधी सांगायचं ना गो बाय! थांब, धूळ कुठे पळून गेली नाही. मागे टोपल्यांत आहे."

मग जे झालं ते अंबरनाथात आजवर कुणी पाहिलं नसेल. विठाने सूप आणलं आणि धूळ भुरभुरायला घेतली. हिरामण टोपल्या वाहतोय, करिष्मा हात दाखवतेय, "मावशी, खिडकीकडे जरा जास्त," आणि विठा करंजीवर पिठीसाखर पेरावी तशी बेताने पेरतेय. रांगोळी झाकली गेली तेव्हा ती हळहळली. हार तिने स्वतःच्या हाताने उतरवला. प्रेसवरचं कुंकू पुसायला मात्र साफ नकार दिला.

"आणि जाळी?" करिष्माने विचारलं.

"ती मला जमायची नाही हो. ज्याची त्याने विणायची."

करिष्माला हसू आवरेना. तिने स्टँड लावला, कॅमेरा बसवला, आणि विठा लगबगीने प्रेसपाशी जाऊन उभी राहिली. गजरा सारखा केला.

"मावशी, तुम्ही जरा बाजूला..." करिष्मा अवघडून म्हणाली. "यात माणूस नकोय. ओसाड म्हणजे कुणीच नाही ना. आणि हे ब्लॅक अँड व्हाइट आहे, तुमचं लुगडं राखाडी दिसेल."

"काळापांढरा?" हिरामण दचकला. "तसला फोटो माणूस गेल्यावर लावतात, पोरी."

विठाला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. उभ्या जन्मात एकदा लुगडं नेसून वेळेवर हजर झाली, तर आता माणूसच नको! ती मागे खोलीत गेली. रागारागात हात गेले ते सवयीने रव्याच्या डब्याकडेच. तिने तूप सोडलं, रवा परतायला घेतला आणि परतता परतता तिच्या डोक्यात एक किडा वळवळला. बाजूला हो म्हणाली. पाणी द्यायला येऊ नको, असं कुठे म्हणाली?

तिने कढई उतरवली, तांब्या-भांडं घेतलं आणि कॅमेऱ्याच्या नाकासमोरून, प्रेसच्या पुढून, सरळ शेड ओलांडली. वाटेत गजऱ्यालाही हात लावून घेतला. करिष्मा घड्याळाकडे बघत होती. तिने भांडं घेतलं, पाणी प्यायली, रागावली नाही की काही नाही.

"दाखव बघू," विठा साळसूदपणे म्हणाली.

कॅमेऱ्यामागच्या काचेवर शेड होती, उन्हाचा पट्टा होता, प्रेस होता. विठा नव्हती.

"अगो, मी आत्ता पुढून गेले की!"

"माहितीये," करिष्मा हसली. "हा नुसता अंदाजाला काढला, ऊन अजून प्रेसवर यायचंय. आत अंधार आहे ना, म्हणून कॅमेरा बराच वेळ डोळा उघडा ठेवतो. तेवढ्यात जो चालत जातो तो उमटतच नाही. थांबतो तोच दिसतो."

विठा त्या काचेकडे बघतच राहिली. थांबतो तोच दिसतो. म्हणजे तिने कधी दिसायचं? सकाळी पाणी, मग डबे, मग बटणं, संध्याकाळी चूल, दसऱ्याला शिरा. थांबायला मिळालं कधी? तिचे डोळे भरून आले आणि लगेच ती चिडलीही.

"तेवढंच ना? थांबायचंच ना?" तिने तांब्या खाली ठेवला, मागे जाऊन कढई पुन्हा चुलीवर चढवली, त्यात पाणी ओतलं, साखर टाकली आणि तशीच परत आली. प्रेसच्या बाजूला जाऊन उभी राहिली, एक हात त्याच्या लोखंडावर. "काढ."

"मावशी, ऊन सरकतंय. एकच फोटो होईल आता. माझं प्रदर्शन आहे..."

"बाय, ही उद्या पडणार. मी हिच्यात हयात घालवली. काढ."

"ती आता हलायची नाही," हिरामण हळूच म्हणाला. "मी ओळखतो तिला."

करिष्माने एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा विठाकडे. मग तिने बटण दाबलं.

विठा थांबली. मागून जळका वास आला. "अगं, शिरा लागतोय!" हिरामण ओरडला. विठाची पापणीसुद्धा हलली नाही. "अगं, कढई!" जळू दे मेली, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. शेवटी हिरामण स्वतःच धोतराचा सोगा धरून प्रेसपुढून पळत सुटला, तो कढईकडे.

तोच फोटो करिष्माने प्रदर्शनात सगळ्यांत मोठा लावला. ओसाड शेडमध्ये काळ्या कुंकवाचा प्रेस, आणि त्याच्याशेजारी तसंच काळं कुंकू लावलेली विठा, मालकिणीसारखी. त्याची एक प्रत आता बदलापूरच्या घरात आहे. काळापांढरा दिसतो म्हणून कुणी हार घालायचा नाही, असं विठाने सुनेला बजावून ठेवलंय.

फोटोच्या कडेला काहीतरी पांढरं फडफडलेलं दिसतं. आल्यागेल्याला हिरामण बोट ठेवून सांगतो, "हा मी."

"छे हो," विठा आतून म्हणते, "पडदा आहे तो."