चौकापुरती लेक

शिंपीमास्तरांना तोंडावर नाही म्हणता येत नसे. कापड कमी पडतंय हे गिऱ्हाइकाला सांगायलाही ते बायकोला पुढे करत. त्यामुळे चौकात डबे घेऊन उभ्या राहणाऱ्या, दर वेळी नव्याच कुणासाठी तरी मदत मागणाऱ्या पोरांनी त्यांना अगदी जेरीस आणलं होतं. मध्यंतरी मास्तरांनी गाढवांचा दवाखाना, एक वाचनालय आणि कुठल्याशा बेटावरची कासवं यांना हातभार लावला. "कासवांनी काही शिवायला टाकलंय का?" बायकोने विचारलं.

मग मास्तरांनी उपाय काढला. चौक आला की बंद फोन कानाला लावायचा आणि बोलत सुटायचं. नजर समोरच्याच्या कपड्यांवर ठेवायची, वर न्यायची नाही. डोळ्यांत पाहिलं की हात खिशाकडे जातोच. प्रश्न एवढाच, की बोलायचं कुणाशी? खोट्या गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांना खरा राग यायला लागला. शेवटी त्यांनी लेकीला धरलं. तिच्याशी बोलण्यासारखं पुष्कळ साठलं होतं.

खऱ्या लेकीशी उन्हाळ्यापासून अबोला होता. दुकानात बसणार नाही म्हणाली, का ते सांगायला लागली, आणि मास्तरांनी मशीन सुरू केलं. मशीन थांबेपर्यंत ती थांबली नाही, निघून गेली. आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती, कुठल्याशा संस्थेत कामाला होती. आईला तिचा फोन यायचा. तेव्हा शेजारच्या खोलीत मास्तर कात्रीसुद्धा आवाज न करता खाली ठेवत. पण आपण होऊन विचारायचं मात्र नाही. बाप होते ना!

त्या दिवशी ते अस्तर आणायला निघाले होते. चौकात निळ्या जाकिटातली मंडळी दिसली. मास्तरांनी फोन कानाला लावला.

"हां, बोल गं बाई. जेवलीस का? थंडी फार पडलीय. तुझ्या खोलीची खिडकी नीट लागत नाही म्हणे. मी विचारलं नव्हतं, कानावर आलं."

एक निळं जाकीट वाटेत आडवं आलं. मास्तरांनी नियमाप्रमाणे जाकिटाकडेच पाहिलं. बाह्या लांब, दुमडून घेतलेल्या. कॉलर नीट बसलेली नाही. डावा खांदा उतरलेला. हा शिलाईचा दोष नव्हता. खांदाच तसा होता. त्याच्यासाठी मास्तर पहिल्या फ्रॉकपासून आतून कापडाची घडी लावत आले होते, आणि ही गोष्ट घरातल्या तिघांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हती.

फोन कानालाच राहिला.

"जेवले," समोरून आवाज आला. "खिडकीत कागद कोंबलाय."

फोन ठेवावा तर बोलणं तुटणार, न ठेवावा तर चारचौघांत वेडं दिसणार. मास्तरांनी वेडं दिसणं पत्करलं.

"बरं केलंस," ते फोनमध्ये म्हणाले.

"बाबा, रोज असं बोलता माझ्याशी?"

"रोज नाही. चौकापुरतं."

पलीकडून तिचा साहेब बघत होता. तिने घसा खाकरला आणि पाठ केलेलं सुरू केलं. "नमस्कार काका. आमची संस्था म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी..."

असलं भाषण मास्तरांनी आजवर शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. अर्ध्यावर नाणी टाकून ते सुटका करून घेत. आता त्यांनी फोन खिशात ठेवला आणि मान वर केली. पोरगी वाळली होती. तिने मोतीबिंदू सांगितला, शिबिरं सांगितली, दृष्टी आलेल्या एका आजोबांची हकिगत सांगितली. मध्ये बस गेली तेव्हा ती थांबली, मास्तरही थांबले. मग तिने डबा पुढे केला.

"तर काका, काही मदत?"

मास्तरांनी नोट डब्यात घातली.

"संपलं तुझं?"

"संपलं."

त्यांनी हातातली पिशवी फुटपाथवर टेकवली.

"मग आता ते उन्हाळ्यातलं सांग," मास्तर म्हणाले. "ते राहिलंय."