कापडावरचा वळ

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी रिंग आहे, भरतकामाची. आधीच सांगून ठेवते, मला बांगडी समजून हातात चढवू नका. परवा एका पाव्हण्यांच्या पोरीनं तो उद्योग केला होता. माझी कडी दोन. आतल्या कड्यावर कापड पसरायचं, बाहेरचं कडं वरून बसवायचं आणि पितळी स्क्रू आवळायचा. मग कापड हलगीसारखं ताणलं जातं. ताणून धरणं एवढंच माझं काम, पण ते मी चोख करते.

ग्यानोबानं मला लातूरच्या गंजगोलाई बाजारातून आणलं, त्याच्या लेकीसाठी. लेकीचं नाव यशोधरा, घरात यशी. तेरणेच्या काठचं गाव, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, असं त्यांचं घर. यशीच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, रोज कापडावर एक छोटं चित्र भरा, ती तुमची दोऱ्याची रोजनिशी. बाकीच्या पोरींनी चार दिवसांत नाद सोडला. यशी लई हट्टी. मांजरपाटाची लांब पट्टी घेऊन ती रोज संध्याकाळी पेन्सिलीनं रुपयाएवढं चित्र काढायची. व्यालेली शेळी, फुटलेली पाटी, आईचा कापलेला अंगठा, दिवसभरात जे झालं ते. मग तिची आई पंचफुला त्या रेघेवर साखळी टाका घालायची. पंचफुलाला लिहिता येत नव्हतं, पण तिच्या टाक्याखाली पेन्सिलीची रेघ शोधून सापडायची नाही. भरतकामात तेच बघतात. रेघ दोऱ्याखाली पुरती गेली पाहिजे.

आईनं सुई धरण्याआधी यशी ताणलेल्या कापडावर बोटानं टिचकी मारायची. टप्प. आवाज ढिला आला की स्क्रू आणखी आवळायची. हा आवाज लक्षात ठेवा.

१९९३ चा सप्टेंबर होता. गावात गणपतीची मिरवणूक निघाली आणि ग्यानोबानं यशीला खांद्यावर बसवून ती दाखवली. घरी येऊन तिनं तेच काढलं. एक मोठं डोकं, त्याच्यावर एक लहान डोकं, खाली लोंबणारे दोन पाय. डोळे मिटत होते बिचारीचे. पंचफुला म्हणाली, राहू दे, उद्या भरू. कापड माझ्यातच ठेवून मायलेकी झोपल्या.

पहाटे जमीन हलली आणि माळवद खाली आलं. जास्त सांगवत नाही मला. ग्यानोबा आणि पंचफुला ढिगाऱ्यातून जिवंत निघाले, यशी निघाली नाही. मला पुढं कुणीतरी फावड्यानं वर काढलं. कापड मातीनं भरलं होतं, पण चित्र तसंच होतं.

पत्र्याच्या शेडमध्ये मी कितीतरी महिने खिळ्याला लटकून राहिले, कापड आवळून. पंचफुला माझ्या स्क्रूला हात लावायची नाही. आणि संध्याकाळी, जवळ कुणी नसताना, आवाज यायचा. टप्प. वारा असेल, पत्र्यावर खडा पडला असेल. मी काय सांगणार? पण पंचफुला त्याच वेळी मान वर करून माझ्याकडं बघायची. म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

एके दिवशी तिनं स्क्रू सोडला, कापड पुढं सरकवलं आणि कोऱ्या जागेवर एक फ्रॉक भरला. पेन्सिलीशिवाय, मनानंच. दुसऱ्या दिवशी पाचवीचं दप्तर. मग पडलेला दात. मित्रांनो, जी पोर नव्हती तिचे दिवस ती रोज भरत गेली. पट्टी संपली की नवी जोडायची. यशी कापडावर वाढत होती, लांब वेणी घालत होती, सायकल शिकत होती. ते पेन्सिलीचं चित्र मात्र तिनं तसंच ठेवलं. टाका घातला असता तर लेकीच्या हाताची रेघ दोऱ्याखाली गेली असती. धुतलं असतं तर पुसली असती. म्हणून ते कापड तिनं कधी धुतलं नाही, आणि त्या चित्राभोवती माझा गोल वळ उठला होता. ग्यानोबा हे सगळं बघायचा.

भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात दोघांचं मन लागेना. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासेस निघत होते, लांबलांबून पोरं डॉक्टर व्हायला येत होती. मुलींच्या एका होस्टेलवर ग्यानोबा वॉचमन झाला आणि पंचफुला मेसमध्ये चपात्या लाटू लागली. मी तिच्या पिशवीत असायचे.

तिथं लुंबिनी आली. बिलोलीची, बारावी सायन्सची. यशी असती तर तिच्याएवढीच असती. पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहून तिनं रिकाम्या ताटावर बोटानं टिचकी मारली. टप्प. पंचफुलाची चपाती तव्यावर जळाली.

त्या दिवसापासून कापडावर लुंबिनीचे दिवस येऊ लागले. तिची निळी बॅग, तापाच्या गोळ्या, टेस्टमध्ये गेलेले मार्क. तिच्या चपातीला तूप जास्त. एकदा पंचफुलानं तिला यशी म्हणून हाक मारली, तेव्हा पोर हसली. घरापासून लांब होती, तिलाही कुणी आपलं हवंच होतं. मग पंचफुलानं कौतुकानं पट्टी तिच्यापुढं उलगडली. स्वतःची बॅग बघून लुंबिनी हरखली. मागं मागं उलगडत गेली, तशी कापडावरची पोर लहान लहान होत गेली. तिनं जाऊन ग्यानोबाला विचारलं आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

पोरीनं मेसमध्ये येणं बंद केलं. अभ्यासाला बसली की आपण कुणाचा तरी दिवस वापरतोय असं तिला वाटायचं. परीक्षा महिन्यावर आलेली आणि तिनं बूथवरून बापाला फोन केला की मला न्यायला या. ती गेली असती तर तिचं वर्ष बुडालं असतं आणि पंचफुलाची लेक दुसऱ्यांदा गेली असती.

बाप न्यायला येणार होता त्या दुपारी बॅग घेऊन ती मेसच्या पायरीवर आली. पंचफुला गहू निवडत होती.

"मावशी, मी लुंबिनी हाय," ती म्हणाली. "मी जिती हाय. तुमच्या पोरीचे दिवस मला देऊ नका."

पंचफुलाचा हात सुपातच थांबला. तिनं विचारलं, "मग ती कुठं हाय गं?"

लुंबिनी खाली बसली. तिनं पट्टी ओढून घेतली, मागं मागं उलगडत ते न भरलेलं पेन्सिलीचं चित्र शोधलं आणि त्याच्यावर बोट ठेवलं.

"हितं हाय, मावशी. बापाच्या खांद्यावर."

पंचफुलानं तो भाग माझ्यात बसवला, माझ्याच जुन्या वळावर. लुंबिनीनं सुईत दोरा ओवून दिला. मोठं डोकं झालं. लहान डोकं झालं. रेघ एकेका टाक्याखाली जात होती. ग्यानोबा गेट सोडून येऊन मागं उभा राहिला होता.

"तिचे पाय राहिले बघ," तो म्हणाला.

तिनं पाय भरले. मग ती मोठ्यानं रडली, मेसच्या दारात, साऱ्या पोरी बघत असताना. संध्याकाळी तिनं ते कापड धुतलं. पाणी कितीतरी वेळ गढूळ येत होतं.

न्यायला आलेल्या बापाला माघारी धाडून लुंबिनीनं परीक्षा दिली. डॉक्टर नाही झाली ती, बिलोलीत शाळेवर शिकवते. सुट्टीत येते आणि पायरीवर बसून सुईत दोरा ओवून देते. कापड धुतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पंचफुलानं आपल्या हातून जळालेली चपाती भरली. तो कापडावरचा तिचा स्वतःचा पहिला दिवस. अजूनही रोज एक चित्र असतंच.

तो आवाज आता येत नाही, असं सांगितलं तर खोटं होईल. येतो. पंचफुला मान वर करते, जरा वेळ ऐकते आणि पुन्हा सुई उचलते.

मित्रांनो, त्या कापडातली माती धुऊन गेली, पण माझा वळ गेला नाही. म्हणून तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी असेल तर एवढं ऐका. दिवसाचं काम झालं की स्क्रू सैल करा आणि कापड मोकळं करून ठेवा. मला धरून ठेवता येतं. सोडता येत नाही. ते तुम्हालाच करावं लागतं.