बिजाचं निळं पाणी

अण्णाजींच्या फाटकाबाहेर सकाळपासून रांग लागली होती. ज्याच्या-त्याच्या हातात रिकामी बाटली. आत ताराचंद महाराज लाकडी पेला उन्हात धरत, पाणी निळं चमके आणि अख्खी नालवाडी हात जोडे.

पेला अण्णाजींच्या बागेतल्या बिजाच्या, म्हणजे बिबळ्याच्या, लाकडाचा. विजेच्या तारांना टेकलेलं झाड तोडलं, खोडाची दाराला चौकट करायचं ठरलं. हे महाराज लाकूड विकत घ्यायला आले आणि ओंडक्यावरच समाधी लावून बसले; मग त्यातूनच हा पेला कोरून घेतला.

"याच्यात नीळकंठ हायेत," ते सांगत. "म्यां मंत्र फुकला का रातभरात पाण्यात उतरतेत. शुगर गायब. पण गोळी-इंजेक्शन घेतलं तं देव रुसन."

अण्णाजींनी इन्सुलिन बंद केलं. पायाचं बोट काळं पडू लागलं, तर महाराज म्हणाले, "देवाचाच रंग चढून राह्यला." लोक त्या बोटाच्याही पाया पडले. शेजारच्या ओट्यावरून हे पाहताना मला हसू आलं, मग भीती वाटली.

अण्णाजींची सून मंजुषा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. घरात तिचं ऐकतो कोण? एका सकाळी तिने महाराजांपुढे दोन ग्लास ठेवले. दोन्हींत निळं पाणी.

"यातलं मंत्राचं कोणतं, महाराज?"

महाराजांनी डोळे मिटले, एक ग्लास उचलला. "याच्यात साक्षात नीळकंठ," म्हणत घटाघटा पिऊन टाकला.

"ते आमच्या संडासातल्या बादलीतलं होतं," मंजुषा म्हणाली. "बादली गळत होती, म्हणून आईंनी बिजाच्या उरलेल्या लाकडाचा खुंटा ठोकला."

"मंत्र नाई म्हटला म्यां," सासूबाई आनंदाबाई म्हणाल्या. "शिव्या तेवढ्या देल्ल्या."

मंजुषाने दुसऱ्या ग्लासात लिंबू पिळलं. निळाई गेली. "बिजाच्या लाकडातलं एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि उन्हात निळं चमकतं. आंबट पडलं की चमक जाते. लिंबाने पळतो तो कसला देव, मामाजी?" तिने सासऱ्यांना विचारलं.

लोक लिंबाकडे पाहत होते, तेवढ्यात महाराज मागच्या दाराने निघून गेले. अण्णाजी मात्र आपल्या पायाकडे पाहत होते.

"बोट वाचन काय, पोरी?"

"माहीत नाई. दवाखान्यात चला."

पाय वाचला, बोट गेलं. आता दाराला बिजाची चौकट बसली आहे. अण्णाजी तिला धरून, जरा लंगडत, आत-बाहेर करतात. बिजाचं लाकूड चांगलं असतं. त्याची चौकट करा, पाट करा, बादलीला खुंटा ठोका. पण औषध डॉक्टरला विचारून घ्या, आणि कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी त्यावर लिंबू पिळून पाहा.