युजर ४१७ची बही

मंगळवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी मालविकाला कळलं, की युजर ४१७ कंपनीला दगा देत असल्याची शक्यता ब्याऐंशी टक्के आहे. शक्यता सॉफ्टवेअरने काढली होती, त्यामुळे तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

विमा कंपनीच्या सिगऱ्यावरच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांनी ग्राहकांची माहिती बाहेर नेऊ नये म्हणून दीड वर्षापूर्वी हे सॉफ्टवेअर बसवलं होतं. कुणी जास्त छापलं, कुणी काय कुणाला पाठवलं, यावर ते नजर ठेवायचं आणि संशय आला की इशारा द्यायचं. इशारे तपासायचं काम मालविकाकडे होतं. तपासणाऱ्याने निष्पक्ष राहावं म्हणून नावं झाकलेली असत, फक्त नंबर दिसे. माणूस ओळखीचा नसला की संशय कसा मोकळेपणाने घेता येतो. आजवर तिने दोन गुन्हेगार पकडले होते. एकाने मुलीच्या लग्नाच्या आमंत्रितांची यादी स्वतःलाच मेल केली होती. दुसऱ्याची ‘गोपनीय’ नावाची फाइल म्हणजे कुंडली निघाली.

४१७ची गोष्ट वेगळी होती. ‘लवकरच नोकरी सोडणार’ अशी नोंद. नऊ दिवसांत ग्राहकांच्या वारसदारांच्या दोनशे चौदा याद्या छापलेल्या. आणि खाली लाल अक्षरांत: ‘छापण्यापूर्वी फाइलींची नावं बदलली. माग पुसण्याचा प्रयत्न.’

मालविकाने बदललेली नावं उघडली.

‘श्री – वारसदार १’. ‘श्री – वारसदार २’. ‘श्री – वारसदार ३’.

ती उठली आणि पाणी प्यायली. बसली. परत उठली.

ऑफिसात श्री लिहिल्याशिवाय कशाचीही सुरुवात न करणारा एकच माणूस होता. शिवरामकाका, क्लेमच्या टेबलावर बत्तीस वर्षं, शुक्रवारी निवृत्त. घराणं दूधविनायकातलं, वडील दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांचे पुरोहित. काकांनी एकदा स्टेपलरची मागणी केली होती, तिच्यावरही श्री होतं. हे शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. सॉफ्टवेअरला कुणी सांगितलं नव्हतं.

नियमाने अठ्ठेचाळीस तासांत निकाल द्यायचा, इशारा खरा की खोटा. ‘खरा’ म्हटलं की चौकशी, आणि चौकशी उघडली की निवृत्तीचे कागद अडकणार. काका शुक्रवारी ताठ मानेने नव्हे, आरोपी म्हणून घरी जाणार. ‘खोटा’ म्हटलं, आणि याद्या खरोखरच एखाद्या एजंटाच्या हाती गेल्या असल्या, तर तीन हजार घरांचे पत्ते बाजारात. आणि युजरला विचारायची तर सक्त मनाई.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने ती केस अकरा वेळा उघडली आणि अकरा वेळा बंद केली. दर वेळी उजव्या कोपऱ्यात तिची वेळ नोंदली जात होती.

“मालू,” खिडकीजवळच्या टेबलावरून शिवरामकाका म्हणाले, “सकाळपासून नुसती उठबस चाललीय तुझी. पंखा जोरात करू? का डॉक्टरकडे जातेस?”

“काही नाही काका.”

“काही नाही तर बैठ ना शांत. मला परेशानी होते.”

रात्रभर ती कूस बदलत राहिली. बुधवारी सकाळी सातला ती भेलूपुराहून दूधविनायकात काकांच्या घरी पोचली. भाजीला निघाले आहे, असं घरी सांगून आली होती. पिशवी घ्यायला मात्र विसरली होती.

काका बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसले होते. पुढ्यात उतरतं डेस्क, त्यावर लाल कापडाच्या बांधणीची लांबलचक बही, पुरोहित यजमानांची वंशावळ लिहितात तशी. बाजूला ऑफिसच्या छापील याद्यांचा गठ्ठा.

“ये ये. इंदू, मालू आलीय, चहा टाक!”

“काका, हे ऑफिसचे कागद आहेत.”

“मग? घरचे असते तर एवढे नीट लावलेले असते का?”

“घरी कशाला आणले?”

“तिथे खुर्ची आहे. खुर्चीत बसून कुणी बही लिहितं?” काकांनी चष्मा वर केला. “आमच्यात गादी सोडणारा पुढच्याला बहीचा उतारा काढून देतो. स्वतःच्या हाताने. आजोबांनी बाबांना दिला, बाबांनी दादाला. मी विम्यात शिरलो, माझ्या वाट्याला ना गादी आली ना बही. म्हटलं, टेबल तर आहे.”

“याद्या कम्प्युटरात आहेत की!”

“कम्प्युटर काय सांगतो? हे बघ. चंदौलीचे रामधनी. वारसदार, पत्नी. खतम. अगं, पत्नी दोन आहेत. थोरलीच्या दारात चिठ्ठी गेली की धाकटी रुसून माहेरी, धाकटीकडे गेली की थोरली सही देत नाही. आधी थोरलीच्या भावाला बोलवायचं. हे आहे तुझ्या कम्प्युटरात?”

मालविकाने बहीचं पहिलं पान उघडलं. वर श्री. खाली काकांच्या वळणदार अक्षरात: ‘चि. सौ. मालविका हिला, क्लेमच्या टेबलासाठी.’

काकांच्या जागी नवा माणूस येणार नव्हता. येत्या सोमवारपासून ते टेबलही तिच्याकडेच येणार होतं. म्हणजे जिच्यासाठी गुन्हा झाला, तीच तपासणी करत होती.

“कुणाला दाखवलीत?”

“कुणाला कशाला? शुक्रवारी तुझ्या हातात ठेवणार होतो, शाल-नारळाच्या वेळी. तूच उतावळी.”

“काका, सॉफ्टवेअरने तुम्हाला पकडलंय. म्हणतंय, फाइलींची नावं बदलून माग पुसलात.”

काकांचा चेहरा पडला. चोरीच्या आळापेक्षा त्यांना दुसरंच लागलेलं दिसलं. “श्री लिहून? माग पुसणारा श्री लिहील? सगळं ऑफिस ओळखतं!”

“ओळखलं म्हणूनच तर आले. यायची परवानगी नव्हती.” ती उभी होती, कधी या पायावर, कधी त्या. “साडेदहाच्या आत हे सगळं ऑफिसात आणा. प्रत्येक कागद. बहीसुद्धा.”

“बही तुझी आहे.”

“माझी नाही. रामधनींनी दोन बायकांचं तुम्हाला सांगितलं, काका. विश्वासाने. कागदावर उतरवा असं कुठे म्हणाले?”

काकांनी पेनाचं टोक पुसलं. मग परत पुसलं. आतून इंदूकाकू चहा घेऊन आल्या आणि दोघांची तोंडं बघून कप ठेवून मुकाट आत गेल्या.

“म्हणजे उताराच द्यायचा नाही मी?”

“तोंडी द्या. शुक्रवारपर्यंत. मी समोर बसते.”

“तू? बसतेस?” काका म्हणाले.

साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना काका रिक्षातून उतरले, छातीशी लाल गाठोडं धरून. कागद मोजून रेकॉर्ड रूममध्ये बंद झाले, बही त्यांच्यावर. मालविकाने केसवर ‘खरा’ निवडलं. त्याच्या पोटात बारीक अक्षरांत एक पर्याय होता, जो दीड वर्षात कुणी वापरला नव्हता: ‘हेतू वाईट नाही, माहिती परत मिळाली’. त्यात चौकशी नव्हती, लेखी ताकीद होती. तिने तो निवडला आणि कारणाच्या रकान्यात सगळं लिहिलं. आपण नियम मोडून युजरच्या घरी गेलो, तेही लिहिलं. बटण दाबलं. मग बराच वेळ ती स्क्रीनकडे बघत राहिली, जणू तो आता काहीतरी बोलेल.

निवृत्तीचे कागद अडकले नाहीत. शुक्रवारी काकांना शाल, नारळ आणि ताकीद एकत्रच मिळाली. ताकीद त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, “वर श्री नाही.” मग घडी घालून शालीत ठेवली.

समारंभ आटोपला, पण काका घरी गेले नाहीत. क्लेमच्या टेबलापाशी दोन खुर्च्या ओढून उतारा चालू होता. चार वाजता मुख्यालयातून फोन आला. लखनौचा अनिमेष, सगळ्या शाखांच्या तपासणाऱ्यांची तपासणी करणारा.

“मैडम, आपके ऑफिस का एक केस है. यूज़र ५०२. एक ही फाइल इक्कीस बार खोली है, और यूज़र से बाहर जाकर मिला भी है. रिस्क नब्बे परसेंट. नाम तो मुझे दिखता नहीं. आपको कुछ अंदाज़ा?”

मालविकाने समोर स्वतःचीच टीप उघडली. कारणाच्या रकान्यात, पहिल्या ओळीच्या वर, तिने नकळत श्री लिहिलं होतं.

“मैं ही हूँ,” ती म्हणाली.

अनिमेष कळवळून म्हणाला, “नाम क्यों बता दिया, मैडम! अब मैं निष्पक्ष कैसे रहूँ?”

“ते तुम्ही बघा,” मालविका मराठीतच म्हणाली आणि फोन ठेवला.

“कोण होतं?” काकांनी विचारलं.

“मुख्यालय. माझी केस उघडलीय.”

काकांनी खुर्ची जवळ ओढली. “घाबरलीस?”

“हो.”

“बरं. कुठे होतो आपण?”

“थोरलीचा भाऊ.”

तिचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. काकांनी ती उचलून खिशात टाकली.

“लिहू नकोस,” ते म्हणाले. “ऐक.”