फोटोपुरती शाल

मी शाल बोलतेय. पांघरायची नव्हे हं, सत्काराची. या दोघींत काय फरक असतो ते मला विचारा. पांघरायच्या शालीला माणसाच्या अंगाचा वास लागतो. मला तीन वर्षं डांबरगोळ्यांचा वास होता.

आधीच सांगून ठेवते, स्वभाव माझा जळका आहे. कुणाचं बरं झालेलं मला बघवत नाही. पण सगळं ऐकून घ्या आणि मग सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर जळला नसता का?

जन्म माझा कुठल्याशा पॉवरलूमवर झाला. रंग मोरपिशी, काठाला जरीची वेल. वेल खोट्या जरीची आहे, पण ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. बहिणींबरोबर गठ्ठ्यातून महाडच्या बाजारपेठेत आले. एक बहीण बारशाला गेली, एक मुख्याध्यापकांच्या निवृत्तीला. मला नेलं राजेंद्र सरांनी.

राजेंद्र सरांचा बाजारपेठेत कॉम्प्युटर क्लास आहे. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात कॉम्प्युटरवर काहीबाही करणारी जी पोरंपोरी आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा एकत्र यावं, कुणी काय नवं केलं ते सांगावं, म्हणून त्यांनी टेक कट्टा सुरू केला. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी क्लासच्या वरच्या हॉलमध्ये. पुण्या-मुंबईच्या असल्या बैठकांत म्हणे पिझ्झा देतात. आमच्याकडे चहा, बटाटेवडा आणि सत्कार. सत्कार झाल्याशिवाय कार्यक्रम झाला असं सरांना वाटतच नाही.

पहिल्या कट्ट्याला पुण्याचे एक पाहुणे आले होते. मला त्यांच्या खांद्यावर घातलं, टाळ्या झाल्या, फोटो झाला. माझी छाती अशी फुलली! मला वाटलं, चला, आता पुणं बघायचं. गाडीच्या घाईत पाहुण्यांनी मला खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि निघून गेले. नारळ मात्र नेला हो आठवणीनं.

सरांनी मला उचललं, झटकलं आणि म्हणाले, "नवीच आहे की. पुढच्या वेळी वापरू."

झालं. तेव्हापासून मी कट्ट्याची सामाईक शाल. फोटो निघाला की सर हसत हात पुढे करायचे, सत्कारमूर्तीही समजून-उमजून मला परत द्यायची, आणि मी घडी होऊन कपाटात जायची. एवढ्या खांद्यांवर बसले, पण एकाही घरात गेले नाही.

मग जळू नको तर काय करू? नारळ घरी जातो, त्याची चटणी होते. स्मृतिचिन्ह शोकेसमध्ये बसतं. आणि त्या काळ्या टी-शर्टाचं तर नावच काढू नका! दुसऱ्या वर्षी कट्ट्यानं सगळ्यांना काळे टी-शर्ट केले, छातीवर कट्ट्याचं चिन्ह. चार दिवसांचा तो, पण काय त्याचे लाड! सगळे तो घालून जवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर सहलीला गेले. भिजला, मळला, धुतला गेला, दोरीवर वाळला. माझ्या अंगावर कधी चहाचा डागसुद्धा पडला नाही. त्या टी-शर्टाला बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आता अंकिताचं सांगते. वरंध घाटाच्या खालच्या अंगाला एका वाडीवर तिचं घर. घरी ती आणि तिची आई शकूबाई, वडील मुंबईला कामाला. अंकिता लोकांच्या वेबसाइटी करून देते. वाडीवर रेंज शाळेच्या ओट्यावरच येते, म्हणून तिथं बसून काम करते. कट्ट्याचं सगळं तीच बघायची. खुर्च्या, हजेरी, वडे सांगणं आणि कट्ट्याच्या बातम्या. कार्यक्रमाच्या सुरुवातीला ती बातम्या वाचून दाखवायची. पोलादपुरात फायबरचं इंटरनेट आलं, किशोरला बेंगळुरूच्या कंपनीनं घरबसल्या काम दिलं, एमआयडीसीतल्या राजेशनं बॉयलरचं तापमान मोबाईलवर दाखवलं. सगळ्यांची नावं तिच्या तोंडून यायची. तिचं स्वतःचं नाव त्या बातम्यांत कधी आलं नाही.

सत्काराचं तबकही तीच धरायची. मी तबकात, मागे तिचे दोन हात. राजेंद्र सर म्हणायचे, "अंकिता, तबक आण," की आम्ही दोघी निघालो. मला खांद्यावर चढायचं असायचं आणि तिला? तिला काय वाटायचं ते मला बरेच दिवस कळलं नाही.

मधल्या काळात तिनं एक काम केलं. कोकण रेल्वेच्या वीर स्टेशनावर उतरलेल्या माणसाला महाडला यायचं तर रिक्षा. गाडी मागेपुढे झाली की कधी रिक्षावाले ताटकळायचे, तर कधी माणसं. अंकिता तीन महिने त्या रिक्षास्टँडवर जाऊन बसली. चांगूकाका तिथले सगळ्यात जुने रिक्षावाले. त्यांच्याकडून एकेक गोष्ट लिहून घेतली आणि मोबाईलवर सोपी सोय केली. गाडी कधी येतेय ते रिक्षावाल्याला कळतं, कुठली रिक्षा मिळणार ते गाडीतल्या माणसाला कळतं. नाव ठेवलं 'वीर रिक्षा'. पहिली चाचणी आईच्या मोबाईलवर घेतली. त्यातला नकाशा तेवढा तिला जमेना. तो ऋत्विकनं करून दिला. ऋत्विक पोलादपूरचा, पुण्यात मोठ्या कंपनीत. दोन रविवारांचं काम होतं ते.

पुढे पुण्यात एक मोठा मेळावा झाला. ऋत्विकनं तिथं 'वीर रिक्षा' दाखवली. लोकांनी डोक्यावर घेतली. एका बातम्यांच्या साइटवर त्याचा फोटो आला, 'पोलादपूरच्या तरुणाची कमाल'. कट्ट्याच्या ग्रुपवर तो फोटो पडला आणि अंगठे नि फुलं यांचा नुसता पाऊस. अंकितानंही एक अंगठा टाकला.

राजेंद्र सर माणूस भला, पण सत्काराचं निमित्त दिसलं की त्यांना दुसरं काही दिसत नाही. कट्ट्याच्या तिसऱ्या वाढदिवसाचं कार्ड त्यांनी ग्रुपवर टाकलं, "वीर रिक्षाच्या निर्मात्याचा जाहीर सत्कार! मानकरी कोण? सरप्राइज!"

मोठा कार्यक्रम म्हणून मला इस्त्रीला अंकितानं घरी नेलं. मी पहिल्यांदा कुणाच्या घराचा उंबरा ओलांडला, तोही धोब्याचं काम म्हणून! दुपारी शकूबाई शेतावरून आल्या त्या मोबाईल नाचवतच; शाळेजवळ रेंज लागली तसं फिरत फिरत ते कार्ड त्यांच्याकडेही आलं होतं.

"अंकी, ह्ये बग काय आलंय! तुझा सत्कार हाय नं गो? मला सांगितलंस पन नाय!"

अंकिता इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाली, "बघू आई."

"बघू काय? मी येनार हाय. शेजारच्या आवडीला पन आनते."

आई पाणी आणायला गेली. अंकितानं इस्त्री बाजूला ठेवली, मला उचललं आणि आरशासमोर उभी राहून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. क्षणभरच. मग चोरी केल्यासारखं मला भर्रकन खाली ओढलं आणि माझ्याच घडीत तोंड खुपसून म्हणाली, "त्याला मिळणार. सगळं त्यालाच मिळणार." तेव्हा मला कळलं, या तबकामागे माझ्याइतकंच जळणारं कुणीतरी उभं असतं.

मग बोलत का नव्हती? मीही चिडले तिच्यावर. पण ग्रुपवर सगळ्यांनी कौतुक केल्यावर 'ते माझं आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. हपापलेली म्हणतील, ही भीती. आणि आईला सांगायचं तरी कसं?

वाढदिवसाच्या दिवशी हॉल गच्च भरला. गर्दी दिसावी म्हणून सरांनी वीरच्या रिक्षावाल्यांनाही बोलावलं होतं. ते खाकी शर्टात मागे उभे. शकूबाई तिसऱ्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून, शेजारच्या आवडीला घेऊन बसलेल्या. लेकीकडे बघून एकसारख्या हसत होत्या. अंकितानं तबक इतकं घट्ट धरलं होतं की माझा काठ तिच्या मुठीत चुरगळला.

सर माईकवर आले. "आणि आता, ज्याची सगळे वाट बघतायत! वीर रिक्षाचा निर्माता, पोलादपूरचा सुपुत्र, ऋत्विक!"

टाळ्या. ऋत्विक काळ्या टी-शर्टात व्यासपीठावर चढला. टाळ्या ओसरल्या तसा शकूबाईंचा आवाज आला. त्या आवडीला विचारत होत्या, पण शेतावर बोलायची सवय, आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला.

"ह्यो कोन गो? अंकीच्या रिक्षाचं ह्यानं काय केलान?"

पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. अंकितानं डोळे मिटले. मागून चांगूकाका पुढे सरकले.

"ओ सर, काय चुकतंय तुमचं. ह्या पोराला आमी वळकत नाय. आमच्या स्टँडवर तीन म्हयने उन्हात बसून लिवून घेतलान ती ही पोरगी. ती तबक घेऊन उबी हाय ती."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी ऋत्विककडे बघितलं. ऋत्विकचे कान लाल झाले होते.

"सर, काम तिचंच आहे. मी फक्त नकाशा केला," तो माईकशिवायच म्हणाला. "पुण्यात सांगायचं राहून गेलं. मग बातमी आली... मग बोलायचं राहूनच गेलं."

राहून गेलं म्हणे! चहात साखर घालायची राहते, गॅस बंद करायचा राहतो. माणसाचं नाव राहतं होय? पण खाली उतरला तेव्हा त्यानं अंकिताच्या हातातलं तबक स्वतःकडे घेतलं, एवढं मात्र मान्य करते.

"अंकिता, ये, ये वर," सर म्हणाले, आणि मला उचलून थबकले. बाईमाणसाला शाल बाईनंच घालायची, ही आमच्याकडची रीत. त्यांनी व्यासपीठावर बघितलं. उजवीकडे पुरुष, डावीकडे पुरुष. तीन वर्षांत कट्ट्यानं एकाही बाईचा सत्कार केलेला नव्हता, म्हणून व्यासपीठावर बाई लागते हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. जी एक बाई तिथं असायची ती तबक धरायला, आणि आज सत्कार नेमका तिचा.

"कुणी... लेडीज आहेत का?" सरांनी माईकवर विचारलं.

"मी हाय की!" शकूबाई उठल्या.

सत्काराची शाल कशी घालतात ते त्यांना कुठं ठाऊक? त्यांनी मला झटकलं, लेकीच्या डोक्यावरून घेतलं, दोन्ही कान झाकले आणि हनुवटीखाली गच्च गाठ मारली. सर्दी झालेल्या पोराला बांधतात तशी.

"मावशी, चेहरा दिसू द्या!" फोटोवाला ओरडला. सगळा हॉल हसला. अंकिताही हसली, आणि हसता हसता रडायला लागली. तिचे गरम गाल माझ्या आत होते. तीन वर्षांत मी पहिल्यांदा ओली झाले.

फोटो झाला. सवयीनं सरांचा हात पुढे आला. शकूबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की तो हात तसाच नमस्काराला जोडला गेला. गाठ न सोडताच त्या लेकीला घेऊन एसटीत बसल्या.

आता मी वाडीवर असते. मला चुलीच्या धुराचा वास आहे, काठाला शेणाचा डाग आहे, जरीची वेल तर पार उसवली. सकाळी शकूबाई मला डोक्याला गुंडाळून गोठ्यात जातात. कट्ट्यानं नवी शाल घेतलीय, गुलाबी. ग्रुपवर तिचे फोटो येतात. सत्काराला आता अंकिता खुर्चीत असते आणि तबक आळीपाळीनं कुणीही धरतं. त्या गुलाबीला बघून माझ्या पोटात दुखतंच. खोटं कशाला बोलू?

एक मागणं आहे तुमच्याकडे. सत्कार खुशाल करा, शाल खोट्या जरीची असली तरी चालेल. पण नाव पुकारण्याआधी एकदा विचारून घ्या, हे काम कुणी कुणी केलं.

गेल्या महिन्यात पुण्याच्या त्याच मेळाव्यात अंकिताला बोलावणं आलं. आईनं मला तिच्या बॅगेत भरलं, "थितं एशी असतो, गारठशील." तिनं मला बाहेर काढलं. "आई, तिथं कुणी शाल घेऊन जात नाय गो." टी-शर्ट घेऊन गेली. मी दोन दिवस फणफणत होते.

कार्यक्रम मोबाईलवर दिसणार होता. शकूबाई मला खांद्यावर टाकून आवडीबरोबर शाळेच्या ओट्यावर जाऊन बसल्या. अंकिता दिसली. एवढ्या मोठ्या पडद्यासमोर एवढीशी. आधी स्वतःचं नाव सांगितलं, अंकिता उतेकर. मग गावाचं. मग चांगूकाकांचं आणि स्टँडवरच्या एकेका रिक्षावाल्याचं. आणि म्हणाली, "यातला नकाशा पोलादपूरच्या ऋत्विकनं केला. त्याच्याशिवाय हे पूर्ण झालं नसतं."

मी अशी पेटले म्हणून सांगू! ज्या मेळाव्यात त्यानं हिचं नाव गिळलं, तिथं त्याचं नाव? आवडीलाही ते रुचलं नाही.

"त्याचं नाव कशाला घेतलान गो?"

"केलंय त्यानं, मंग घेनारच," शकूबाई म्हणाल्या. "माजी पोर हाय ती."

त्यांनी माझ्या काठानं डोळे पुसले आणि पुन्हा मोबाईलकडे बघत बसल्या. मग मीही फणफण सोडून बघत बसले.