धारच्या शाळेची ऑर्डर

देवासला सुमंगलाचा युनिफॉर्म शिवायचा कारखाना होता. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत सहा मशिनी आणि कापायचं एक लांब टेबल. बारा वर्षं तो तिनं एकटीनं चालवला होता. सासरे यशवंतराव कुठल्याही व्यवहारात आधी तिलाच विचारत.

धाकटी जाऊ अनन्या धारहून लग्न होऊन आली आणि ते बदललं. अनन्या बी.कॉम., दोन वर्षं एका सीएच्या ऑफिसात काम केलेली. यशवंतराव आता वीजबिलसुद्धा तिच्यापुढे धरत. एकदा कापडवाला दाराशी उभा असताना सुमंगलाच्या देखत ते म्हणाले, "थांबा, धाकट्या सूनबाईंना पुसून सांगतो." कापडवाल्यानं सुमंगलाकडे पाहिलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. अनन्या मोबाइलवर भराभर आकडे टाकायला लागली, की सुमंगलाला तिच्या बोटांचासुद्धा राग यायचा.

एप्रिलमध्ये धारच्या एका खाजगी शाळेची तीनशे ड्रेसची चौकशी आली. सुमंगलानं मनाशी आकडे मांडले. कापड तीनशे चाळीस, दोरा-बटणं तीस, शिलाई एकशे चाळीस. एका ड्रेसचा खर्च पाचशे दहा आणि शाळा देणार सहाशे वीस. ड्रेसमागे एकशे दहा सुटले तर तीनशे ड्रेसचे तेहेतीस हजार. तिनं फोनवरच हो म्हटलं आणि जेवताना सगळ्यांसमोर आकडा सांगितला.

अनन्यानं विचारलं, "ताई, पैसे कधी देणार ते?"

"मुलांची फी जमा झाली की. देतीलच ना."

"नाही, म्हणजे तोपर्यंत कापडवाल्याला..."

"तेहेतीस हजार नफा दिसतोय ना तुला? की मी केलेला हिशोब हिशोबच नाही?"

अनन्या खाली बघून जेवत राहिली. तिला गप्प केल्याचं सुमंगलाला बरं वाटलं.

जूनमध्ये माल धारला पोचला. शाळेनं ड्रेस नावाजले आणि पैसे सप्टेंबरात देऊ म्हणून सांगितलं. इकडे कापडवाल्याची महिन्याची मुदत संपली. धारच्या कापडाचे एक लाख दोन हजार आल्याशिवाय तो नवा तागा देईना. देवासच्या नेहमीच्या शाळेचं काम त्यामुळे अडलं. शिवणाऱ्या बायकांची मजुरी देऊन बँकेत जेमतेम वीजबिलापुरते पैसे उरले. मशिनी बंद पडल्या. भवानीबाई, सगळ्यात जुनी कारागीर, म्हणाली, "बाई, काम नसेल तर मी दुसरीकडे बघू का?"

त्या दुपारी सुमंगला अनन्याच्या खोलीच्या दाराशी गेली, परत फिरली, पुन्हा गेली.

"नफा आहे तर पैसा कुठाय गं?" तिनं उभ्याउभ्याच विचारलं.

अनन्यानं कागद पुढे केला. "ताई, नफा-तोटा थोडा वेळ बाजूला ठेवा. कोणत्या तारखेला पैसा जातो आणि कोणत्या तारखेला येतो, एवढंच लिहा. तुम्हीच लिहा."

सुमंगलानं लिहिलं. मे महिन्यात मजुरी गेली. जूनअखेर कापडाचे पैसे द्यायचे. जुलै, ऑगस्ट या महिन्यांपुढे येणं काहीच नाही. ती त्या रिकाम्या जागेकडे बघत बसली.

"म्हणजे नफा खराच आहे, पण तो सप्टेंबरात आहे. आणि मी जुलैत उभी आहे."

"बस, इतकंच," अनन्या म्हणाली.

इतकंच! हे एप्रिलमध्येच हिला दिसलं होतं. सुमंगलाला पुन्हा अनन्याचा तोच जुना राग आला. पण या वेळी ती कागद सोडून उठली नाही. ड्रेसमागे वीस रुपये सोडले तर? सहा हजार जातील, सत्तावीस राहतील. त्या बदल्यात अर्धे पैसे आत्ता मिळाले, तर नव्वद हजार येतील. कापडवाल्याचे बहुतेक सगळे फिटतील आणि नवा तागा मिळेल. हे तिचं तिनंच काढलं. अनन्यानं फक्त बेरीज तपासली.

दोन दिवसांनी दोघी बसनं धारला गेल्या. शाळेचे संचालक कृष्णाजीराव आधी टाळाटाळ करत होते. सुमंगला शांतपणे बोलली: वीस रुपये सूट, पण अर्धे पैसे आज. आणि यापुढच्या प्रत्येक ऑर्डरला तिसरा हिस्सा आगाऊ. त्यांनी थोडा विचार केला आणि चेकबुक काढलं.

"मान गए! बाई, हिशोबाच्या मोठ्या पक्क्या आहात हो तुम्ही."

सुमंगला हसली आणि तिनं सहज शेजारी पाहिलं. अनन्याचे ओठ घट्ट मिटले होते. माहेरचं गाव, आणि खोलीत तिच्याकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं. तो चेहरा सुमंगलाला चांगला ओळखू आला. गेलं वर्षभर ती स्वतः तोच चेहरा घेऊन घरात वावरत होती.

क्षणभर तिला गंमत वाटली. खोटं का बोला, गोडच वाटलं. चेक हातात येईपर्यंत तिनं ती गोडी चाखली. मग म्हणाली, "तारखा मांडायला हिनं शिकवलं. माझी जाऊ, इथलीच, धारची. मला नुसता नफा काढता यायचा."

"अच्छा! कोणाच्या तुम्ही?" कृष्णाजीराव अनन्याकडे वळले, आणि ती माहेरचं नाव सांगू लागली.

परतीच्या बसमध्ये अनन्या म्हणाली, "ताई, सूट पंधराच द्यायला हवी होती. ते मानले असते."

"मग तिथे का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलू दिलं असतं?"

सुमंगलानं खरं तेच सांगितलं. "नसतं दिलं." आणि पिशवीतली शेव तिच्यापुढे केली.