चोंगचिंगचा शेवटचा परिच्छेद

“आजोबा, उगाच सुंदर करू नका हं. मी सांगतेय तसंच लिहा,” इशिता फोनवर म्हणाली. मनोहररावांनी घाईत तेही वाक्य कागदावर उतरवलं आणि मग खोडलं.

नात सहा महिन्यांसाठी चीनमध्ये, चोंगचिंगला शिकायला गेली होती. तिला मराठी बोलता यायचं, लिहिता-वाचता नाही. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादिका उल्काने तिचे पहिले अनुभव मागितले होते. म्हणून तिने सांगायचं आणि आजोबांनी लिहायचं, असं ठरलं. अमेरिकेतल्या डब्लिनच्या घरी सकाळी सात वाजता कॉलिंग कार्डाचे आकडे दाबून ते तयार बसत.

इशिता सांगत होती तो चीन त्यांनी वाचलेल्या पुस्तकांतला नव्हता. सगळे टॉवर एकसारखे, तिसाव्या मजल्यावरही वाळत घातलेले कपडे, हवेत कोळशाचा आणि मिरचीचा वास. इमारतीत शिरून आठ मजले चढावं, तर वर पुन्हा रस्ताच. शेवटी तिने शिकवणीच्या क्लासचं सांगितलं. इंग्रजी शिकवायला माणसं हवी होती, म्हणून ती आणि केली नावाची तिची गोरी रूममेट अशा दोघी गेल्या. केलीला लगेच घेतलं. हिला म्हणाले, आम्हाला खरी अमेरिकन हवी. हिने पासपोर्ट दाखवला, तर ते हसले.

“मी जिन्यात बसून रडले, आजोबा. हे नक्की लिहा. दॅट्स द होल थिंग.”

त्यांनी लिहिलं. चार वेळा लिहिलं, तेव्हा कुठे ते तिच्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी उल्काचा फोन आला. लेख फारच छान झाला होता, फक्त शेवट जरा जड होता. “काका, पेरेंट्स वाचतात हो. दिवाळीचा अंक आहे, पॉझिटिव्ह ठेवू या ना. तुमचं चीनवर एवढं वाचन आहे, त्यातलंच काहीतरी घाला.”

नाही म्हणायचं, असं ठरवून त्यांनी तोंड उघडलं आणि “बघतो” म्हणाले. हायवे खात्यात एकतीस वर्षं पुलांची गणितं करतानाही वरिष्ठांपुढे त्यांच्या तोंडून एवढंच निघायचं. फोन ठेवल्यावर ते स्वतःवर चरफडले. मग वाटलं, उल्काचंच बरोबर असेल. आपल्याला काय कळतं? त्यांचे स्वतःचे दोन लेख मंडळाने पूर्वी जागेअभावी परत केले होते.

जिना काढून तिथे त्यांनी नदी घातली. यांगत्सेवर उतरणारं धुकं, होड्यांचे मिणमिणते दिवे, दूरवरून येणारी बासरी. लिहिताना दुपारचा चहा गार झाला, तरी त्यांना भान नव्हतं. एवढ्या आनंदाने त्यांनी कित्येक वर्षांत काही लिहिलं नव्हतं. लेख पाठवून दिल्यावर त्याचीच सर्वांत जास्त लाज वाटली.

दिवाळीच्या कार्यक्रमात शाळेच्या कॅफेटेरियात अंक वाटले गेले. मंडळातल्या पद्मिनी काकू बटाटेवड्याच्या रांगेत त्यांना गाठून म्हणाल्या, “नातीची शैली काय हो! ती बासरी तर अगदी ऐकू आली.” मनोहरराव कसंनुसं हसले. प्लेट तशीच कचऱ्याच्या डब्यावर ठेवून ते गाडीत जाऊन बसले.

शनिवारी फोनवर इशिताने लेख वाचून दाखवायला सांगितलं. वेगवेगळ्या सबबी मनात जुळवून झाल्या होत्या, पण एकही सांगता आली नाही. त्यांनी अंक उघडला. टॉवर आले, कपडे आले, आठव्या मजल्यावरचा रस्ता आला. ती मध्येच हसलीसुद्धा. मग नदी आली. आपण लिहिलेला जिना त्यांना शब्दन्‌शब्द पाठ होता. तोच म्हणून दाखवावा, तिला कुठे कळणार आहे, असं क्षणभर मनात आलं. पण त्यांनी छापलेलंच वाचलं. आवाज बारीक होत गेला, तरी शेवटपर्यंत वाचलं.



“छान आहे,” इशिता हळूच म्हणाली. “हे कोणी लिहिलंय?”

“मी,” मनोहरराव म्हणाले.

“ओके,” ती म्हणाली. मग तिने त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, तिकडे थंडी पडायला लागल्याचं सांगितलं. ते हं हं करत राहिले. लेखाखाली ठळक अक्षरांत तिचं नाव छापलेलं होतं आणि त्यावर त्यांचा अंगठा केव्हापासून घट्ट दाबलेला होता.